आई नाव घेत नाही

“आई, पदर नीट घे,” मी कुजबुजले.

“माझा पदर नीटच हाय. तू फ्रॉक खाली ओढ,” आई म्हणाली आणि माझी वाट न बघता तिनंच माझा फ्रॉक गुडघ्याखाली ओढला.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. आईनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि तिच्यावर पप्पांचा तपकिरी स्वेटर चढवला होता, कारण वाळवंटातली थंडी कोकणातल्या माणसाला सोसत नाही. पायांत लोकरी मोजे आणि त्यावर चपला. जाणारी-येणारी पोरं आधी आईच्या पायांकडे बघत, मग माझ्याकडे बघत, मग करंगळी वर करून खिदळत पळून जात.

“बऱ्याच ओळखी झाल्या गो तुझ्या,” आई कौतुकानं म्हणाली.

मी खाली फरशीकडे बघत राहिले. त्या करंगळीची गोष्ट मी घरी सांगितली नव्हती.

आम्ही बेने इस्राएल, अलिबागजवळच्या थळचे. आमच्या वाडवडिलांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. आदल्या उन्हाळ्यात बिऱ्हाड उचलून आम्ही इस्राएलला आलो आणि सरकारनं आम्हांला वाळवंटातल्या या नव्या गावात घर दिलं. इथे कोणी मोरोक्कोहून आलेलं, कोणी रुमानियाहून, कोणी जॉर्जियाहून. थळला आम्ही यहुदी होतो. इथे आल्याबरोबर हिंदी झालो.

शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मला लघवीला लागली. थळच्या शाळेत अशा वेळी करंगळी वर करायची, बाई मान हलवायच्या, की आपण पळायचं. मी करंगळी वर केली. आमच्या वर्गशिक्षिका त्सिलाबाई फळ्याकडून वळल्या, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि त्यांनीही मला करंगळी दाखवली. त्यांना वाटलं, हिंदुस्थानात नमस्कार असा करत असतील. मग सगळ्या वर्गानं मला करंगळी दाखवली. तोंडानं विचारावं तर भाषा येत नव्हती, आणि बाकीची पोरं ‘त्सिला, त्सिला’ अशी नुसत्या नावानं हाक मारत तशी हाक मारायची म्हणजे माझी जीभच रेटेना. बाईंना कोणी नावानं हाक मारतं का? शेवटी जे व्हायचं ते बाकावरच झालं.

त्या दिवसापासून मी शाळेत तोंड उघडलं नाही. ठरवून नव्हे, ते उघडेचना. हिब्रू मला येत नव्हती असं मात्र नाही. गप्प बसलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं, तेव्हा चार-सहा महिन्यांत माझ्या कानांत सगळी भाषा साठली होती. घरी न्हाणीघराचं दार लावून मी बादलीसमोर बसायचे आणि दिवसभरात वर्गात जी जी उत्तरं मला येत होती ती सगळी बादलीला द्यायचे. बादली कधी हसली नाही.

पण बादलीच्या साक्षीवर शाळा चालत नाही. त्सिलाबाईंनी निरोप पाठवला होता की मुलगी बोलत नाही, वाचत नाही, तेव्हा पेसाख सणाच्या सुट्टीनंतर तिला पहिलीत बसवावं लागेल. मी दहा वर्षांची होते आणि वयाच्या मानानं उंच. पहिलीच्या बाकाखाली माझे गुडघेसुद्धा गेले नसते. सहा वर्षांच्या पोरांत बसून अक्षरं गिरवणारी मी, आणि खिडकीतून करंगळ्या दाखवणारा माझा वर्ग, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला घास उतरत नसे. आजची भेट त्यासाठीच होती. आई बाईंना विनंती करणार होती, आणि आईचं बोलणं हिब्रूत सांगायला पोस्टातले हसकेलकाका येणार होते. आमच्या लोकांचं कचेरीतलं सगळं बोलणं तेच करायचे.

हसकेलकाकांचा पत्ता नव्हता आणि दार उघडलं.

आत मुख्याध्यापिका येहुदितबाई टेबलामागे बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा. बाजूला त्सिलाबाई उभ्या होत्या. बाहेरच्या अंगाला खिडकी होती आणि सुट्टी झाल्यामुळे तिच्या काचेला चार-पाच नाकं आधीच चिकटली होती. मधलं नाक झोहराचं होतं. झोहरा मोरोक्कोची, वर्गातली सगळ्यांत वांड मुलगी.

“हसकेल कुठे आहेत?” त्सिलाबाईंनी विचारलं.

“हसकेल नाही येत,” आई आपल्या मोडक्या हिब्रूत म्हणाली.

“हरकत नाही, आपण सावकाश बोलू,” येहुदितबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. “तुमचं नाव?”

“दीना.”

“कुठल्या तुम्ही?”

“थळ.”

येहुदितबाईंची लेखणी थांबली.

“अलिबाग,” आईनं मदत केली. लेखणी हलली नाही. “बॉम्बे,” आई म्हणाली आणि लेखणी चालू लागली.

“मुलीच्या वडिलांचं नाव?”

आईनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कोपरानं मला हळूच ढोसलं.

आता हे समजावून सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुली नवऱ्याला ‘अरे’ म्हणतात. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. पप्पांचा उल्लेख करायचा तर आई माझ्या नावावरून ‘मिल्काचे पप्पा’ म्हणायची, समोर असले तर ‘ऐकलंत का’, आणि रागात असली तर भिंतीकडे बघून बोलायची. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, तलाठ्याकडे, जिथे कुठे नवऱ्याचं नाव विचारत तिथे आई मला ढोसायची आणि मी खणखणीत आवाजात पप्पांचं नाव सांगायचे. चार वर्षांची असल्यापासून तो माझा हुद्दा होता.

पण ते थळ होतं. इथे मी तोंड मिटून बसले.

“नवऱ्याचं नाव?” येहुदितबाईंनी जरा मोठ्यानं विचारलं. समोरच्याला भाषा कळत नसली की जगभरची माणसं मोठ्यानं बोलतात.

आई लाजून हसली आणि पुन्हा मला ढोसलं. या खेपेला चांगलंच लागलं.

“नवरा,” येहुदितबाई एकेक शब्द तोडून म्हणाल्या. “त्यांचं. नाव.”

आईनं मान आणखी खाली घातली.

येहुदितबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि चष्मा काढला. टेबलाला वळसा घालून त्या आईजवळ आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला. त्यांचं सगळं घरदार युरोपातल्या लढाईत गेलं होतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर मान खाली घालून गप्प बसणाऱ्या बायका त्यांनी आयुष्यात फार पाहिल्या होत्या.

“ते नाहीत?” त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

“केन,” आई म्हणाली.

केन म्हणजे हो. आईला हिब्रूतला सगळ्यांत आवडता शब्द तोच होता. कोणी मोठं माणूस काही बोललं की ती केन म्हणायची, कारण मोठ्या माणसांना नाही म्हणणं तिला शोभायचं नाही.

त्सिलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आणि मी त्या पोरीला बोलत नाही म्हणून रागावत होते,” त्या येहुदितबाईंना म्हणाल्या. मग दोघी भराभर बोलू लागल्या. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, मला अक्षरन्‌अक्षर कळत होतं. वडील नाहीत, म्हणूनच मुलगी अशी झाली. पहिलीत बसवून काय होणार? हायफाच्या पलीकडे समुद्राकाठी एक वसतिगृह आहे. वडील नसलेली मुलं तिथे राहतात. तिथे डॉक्टर आहेत, चांगल्या बाया आहेत, मुली खुलतात. सणासुदीला घरी येतात.

“आई तयार होईल का पण?” त्सिलाबाईंनी विचारलं.

येहुदितबाई आईकडे वळल्या. त्यांच्या आवाजात खरीखुरी माया होती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. “दीना, आपण मुलीला एका चांगल्या जागी पाठवू. खाणं, राहणं, शिकणं, सगळं तिथे. तुमच्या डोक्यावरचा भार कमी होईल. चालेल ना?”

“केन, केन,” आई म्हणाली आणि तिनं हात जोडले.

मी आईचा पदर ओढला.

“आई, केन म्हणू नको,” मी मराठीत कुजबुजले.

“अगो, बाईंना नाय कसं म्हणायचं?”

“त्या काय म्हणतायत ते कळतंय का तुला?”

“मला नाय कळत. तुला कळतंय तर तूच बोल त्यांच्याशी,” आई म्हणाली आणि बाईंकडे बघून पुन्हा गोड हसली. “केन.”

येहुदितबाई उठल्या. त्यांनी फोन उचलला आणि तबकडी फिरवायला सुरुवात केली. एक आकडा फिरला, दुसरा फिरला. मी काय करते आहे हे कळायच्या आत मी उभी राहिले होते.

“नको,” मी म्हणाले.

शब्द हिब्रूतला होता आणि आवाज थळच्या रेशनच्या दुकानातला. येहुदितबाईंचं बोट तबकडीतच राहिलं.

“माझे पप्पा जिवंत आहेत,” मी म्हणाले, आणि मग आत जे साठलं होतं ते सगळंच बाहेर येऊ लागलं. “त्यांचं नाव रूबेन. रूबेन अब्राहाम थळकर. ते कापडाच्या गिरणीत आहेत, आज पहिल्या पाळीला गेलेत. सकाळी त्यांनी चहात पाव बुडवून खाल्ला आणि आईवर ओरडले, कारण तिनं त्यांचा स्वेटर घेतला. हा बघा, हा त्यांचाच स्वेटर आहे. ते रात्री घोरतात. ते सुतारकाम करतात, आमच्या घरातलं टेबल त्यांनी केलंय. त्यांना ऑलिव्ह आवडत नाही, ते म्हणतात हे लोक बकरीच्या लेंड्या मिठात घालून खातात. ते मेलेले नाहीत. मला वसतिगृहात पाठवू नका.”

खिडकीबाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. त्सिलाबाई खुर्चीचा आधार घेऊन खाली बसल्या.

“बोलली,” त्या एवढंच म्हणाल्या.

येहुदितबाईंनी फोन खाली ठेवला. “मग तुझी आई नाव का सांगत नाही?”

“आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं.”

त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. आईकडे बघत त्यांनी चष्म्याच्या काचा ब्लाउजच्या टोकाला पुसल्या. “मग हाक कशी मारते?”

“ऐकलंत का, असं म्हणते.”

“आणि ते ऐकतात?”

“कधी कधी.”

आता मात्र त्या हसल्या. त्सिलाबाई डोळे पुसता पुसता हसल्या. आईला काही कळलं नव्हतं तरी तीही सोबतीला हसली.

“म्हणजे ती जन्मात कधीच त्यांचं नाव घेणार नाही?” त्सिलाबाईंनी विचारलं.

“लग्नाकार्यात घेतात. पण कवितेत. कवितेत घेतलं तर चालतं.” मग मी आईला मराठीत म्हणाले, “बाई विचारतायत, उखाणा घेशील का.”

आईनं आधी खिडकीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे ती बराच वेळ बघत होती. मग तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, स्वेटर त्याच्याखाली झाकला, आणि लग्नमांडवात उभं राहावं तशी उभी राहिली.

“अलिबागच्या वाडीत नारळ-पोफळीची दाटी,
रूबेनचं नाव घेते शाळेतल्या बाईंसाठी.”

आणि ती नव्या नवरीसारखी लाल झाली.

“काय म्हणाली?” दोघी एकदम म्हणाल्या, आणि मी त्यांना ते हिब्रूत सांगितलं. पोफळीला हिब्रूत काय म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. खजुराचं झाड म्हणून वेळ मारून नेली.

येहुदितबाईंनी तो कागद जवळ ओढला, आधीचं काहीतरी खोडलं आणि मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. “रूबेन,” त्यांनी वाचून दाखवलं. आई आणखी लाल झाली.

त्सिलाबाईंनी माझी हनुवटी वर केली. “इतके महिने तू कुठे होतीस गं?”

“वर्गातच होते,” मी म्हणाले.

पहिलीचं नाव कोणी पुन्हा काढलं नाही. आई जायला निघाली तेव्हा येहुदितबाई तिला सोडायला शाळेच्या फाटकापर्यंत आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी वाटेत दोघी सारख्या काहीतरी बोलत होत्या.

मी मैदानात पाऊल टाकलं तोच झोहरानं मला गाठलं. मागे आणखी तिघीचौघी होत्या.

“तुला बोलता येतं,” झोहरा म्हणाली. एखाद्यानं आपल्याला फसवलं असावं असा तिचा चेहरा होता.

“येतं.”

“नाव घेतलं की तुझे पप्पा मरतील?”

“मरत नाहीत. आयुष्य थोडं कमी होतं.”

तिनं जरा विचार केला. “माझी आजी मला कुरूप म्हणते,” ती म्हणाली. “रोज. सगळ्यांसमोर. सुंदर म्हटलं की दृष्ट लागते ना. मी इतकी सुंदर आहे की ती मला माकडसुद्धा म्हणते.”

कोणी हसलं नाही, कारण झोहराला हसायची कोणाची टाप नव्हती. मग जॉर्जियाची तामार म्हणाली, तिच्या घरात शीळ वाजवायची नाही, शीळ वाजवली की घर रिकामं होतं, आणि तिच्या मामानं वाजवली तेव्हा त्याला आजोबांनी चपला फेकून मारल्या होत्या. रुमानियाची एक मुलगी म्हणाली, तिच्या आईनं तिच्या बनियनच्या आत लाल दोरा शिवलाय, आणि तिनं तो तिथल्या तिथे काढून दाखवला. घंटा झाली तरी आम्ही उभ्याच होतो. हसण्याजोगं प्रत्येकीच्या घरात काही ना काही होतं. माझं तेवढं भर वर्गात उघडं पडलं होतं, बाकीच्यांनी आपापलं झाकून ठेवलं होतं, एवढाच फरक.

“आणि ते करंगळीचं काय होतं?” झोहरानं वर्गात शिरताना विचारलं.

मी सांगितलं. ती जागच्या जागी थांबली, आणि मला वाटतं, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला लाज वाटली. त्या दिवशी गणिताच्या तासाला तिनं सरळ चेहऱ्यानं करंगळी वर केली. “त्सिला, याचा अर्थ मला बाहेर जायचंय,” ती म्हणाली, “आणि हे फार सोयीचं आहे, आपण सगळ्यांनी वापरलं पाहिजे.” आठवडाभरात सगळा वर्ग करंगळीवर बाहेर जायला लागला. झोहरा तर गरज नसताना जायची.

दुपारी घरी आल्यावर मी आईला सांगितलं की ती कशाकशाला केन म्हणाली होती. ती कांदा चिरत होती. तिनं सुरी ठेवली, मला जवळ ओढलं आणि पुष्कळ वेळ सोडलं नाही. मला वाटलं, कांद्यामुळे डोळ्यांत पाणी आलं असेल.

गोष्ट इथे संपली असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. गोष्ट सांगताना मला मोठा रुबाब वाटायचा. आई बिचारी जुन्या वळणाची, तिला नाव घेता येईना, आणि मी धीट पोरगी उभी राहिले, असा माझ्या सांगण्याचा थाट होता. मी शाळा संपवली, नोकरीला लागले, आमच्या चाळीतल्या बायकांची कचेरीतली बोलणी करायला जाऊ लागले. हसकेलकाकांची जागा आता माझ्याकडे आली होती.

मी तेवीस वर्षांची असेन. घराच्या कामासाठी आईला घेऊन मी सरकारी कचेरीत गेले होते. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

मी सवयीनं तोंड उघडलं.

“रूबेन अब्राहाम थळकर,” आई म्हणाली. सरळ, न अडखळता, चांगल्या हिब्रूत.

काम होऊन आम्ही बसच्या थांब्यावर येऊन बसलो तेव्हा मी विषय काढला.

“तू नाव घेतलंस.”

“घेतलं.”

“कधीपासून घेतेस?”

“आलो त्या आठवड्यापासून. रोजगाराच्या कचेरीत विचारलं, तू बरोबर नव्हतीस. नाव सांगितलं नसतं तर पप्पांना काम कोणी दिलं असतं? मंग घराच्या कचेरीत, दवाखान्यात. सगळीकडे तुला कुठून नेणार?”

मी मनातल्या मनात महिने जुळवून पाहिले. रोजगाराची कचेरी आधी, शाळेतली ती भेट नंतर. कितीतरी नंतर.

“मग शाळेत का नाही घेतलंस? येहुदितबाई तीनतीनदा विचारत होत्या.”

आई रस्त्याकडे बघत होती. बस दिसत नव्हती. “हसकेललाही मीच सांगून ठेवलं होतं, येऊ नको म्हणून,” ती म्हणाली. “तू रोज न्हाणीत बसून बोलायचीस. मला काय ऐकू येत नव्हतं? पाण्यासारखी बोलायचीस गो. आणि त्या बाया तुला पहिलीत बसवणार. मंग म्हटलं, मी बोलले, हसकेल बोलला, तर ही कशाला बोलेल? आपण जरा गप बसून बघू. नाव सांगायला तरी बोलेल.”

“आणि मी नसतेच बोलले तर?”

“तर घेतलं असतं मी शेवटी. आपलीच माणसं ती.” मग तिचा आवाज उतरला. “पण ते केनचं नको आठवूस. ते मला खरंच कळलं नव्हतं. बाई माझा हात धरून इतकं मायेनं बोलत होती की मला वाटलं, तुझी स्तुतीच चाललीय. तुला हातानं घालवून बसले असते मी. देवानं राखलं.”

इतकी वर्षं मी ज्या धिटाईच्या गोष्टी सांगत होते, त्या धिटाईला आतून ढोसणारं कोपर कोणाचं होतं ते मला त्या थांब्यावर कळलं. तिच्याइतका माझ्यावर कोणी विश्वास टाकला नव्हता. मी स्वतःसुद्धा नाही.

“नाव घ्यायची भीती नाही वाटायची तुला?” मी विचारलं.

“वाटायची की. अजून वाटते. म्हणून तर नाव घेतलं की त्या दिवशी मी रोजा धरते. पाण्याशिवाय काय घेत नाय. त्यांचं जे कमी व्हायचं ते माझ्यातलं जाऊ दे, म्हणते.”

उपासाला आमच्यात रोजा म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत आई कितीदा ताटावर बसायची नाही. पोट बरं नाही म्हणायची. इथलं अन्न तिला मानवत नाही, असं पप्पा म्हणायचे आणि मीही म्हणायचे. त्या वर्षांत आमचं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या कचेरीत अडलेलं होतं.

“आणि शाळेतल्या त्या दिवशी?”

“त्या दिवशी उखाण्यात घेतलं. उखाण्याला रोजा नाय लागत,” आई म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून हसली. “आणि लेक बोलली होती. दोनदा भात घेऊन जेवले मी त्या दिवशी.”

बस आली. तिला खिडकीशी बसवून मी शेजारी बसले. मला तिचे आभार मानायचे होते, पण आमच्यात आईचे आभार मानत नाहीत, ते कसे मानायचे हेही मला ठाऊक नव्हतं. घर येईपर्यंत तिचा हात मी मांडीवर धरून ठेवला.

संध्याकाळी पप्पा ताटावर बसले. आईनं त्यांना भात वाढला, माशाचं कालवण वाढलं, माझं ताट वाढलं आणि ती भिंतीला टेकून बसली.

“तू नाही जेवत?” पप्पांनी विचारलं.

“पोट बरं नाय,” आई म्हणाली.

मी माझ्या ताटातला भात पातेल्यात परत घातला, ताट ओट्यावर ठेवलं आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

“हिला काय झालं?” पप्पा म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पप्पांच्या ताटात तिनं माझ्या वाटचा मासा वाढला.

“तिचंही पोट बरं नाय,” ती म्हणाली. “ऐकलंत का, तुम्ही पोटभर जेवा.”